डायस्पोरा (नताशा अ‍ॅटलसचा अल्बम)

डायस्पोरा हा नताशा अ‍ॅटलस या गायिकेचा पहिला सोलो अल्बम, १९९५ साली लंडनच्या नेशन रेकॉर्ड्सनं काढलेला. एकीकडे इजिप्त आणि आजूबाजूच्या अरबी गाण्याची परंपरा, म्हणजे ऊद (छेडून वाजवायचं अरबी तंतुवाद्य), दर्बुका (हातानं वाजवायचा ढोलासारखा वाद्यप्रकार), व्हायोलिनांचा ताफा आणि गळ्यातली ती बारीक वळणं, दुसरीकडे नव्वदीतल्या लंडनच्या क्लबमधला डब (त्याबद्दल पुढे येईलच), पुन्हापुन्हा फिरणारे लूप आणि पोटात घुमणारा बेस, आणि हे दोन्ही एकाच अल्बममध्ये. आज असलं मिश्रण कोणालाच नवं वाटत नाही, रील उघडली की दर तिसऱ्या क्लिपला कोणीतरी दर्बुक्याखाली बीट टाकून ठेवलेला असतो, पण डायस्पोरा वेगळा वाटतो तो एवढ्यासाठी की यात अरबी भाग वरून भुरभुरलेल्या कोथिंबिरीसारखा नाही. गाणं मुळात अरबी चालीचं आहे आणि बीटला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलंय, काही ठिकाणी जमलंय, काही ठिकाणी ओढाताण ऐकू येते, आणि खरं सांगायचं तर ती ओढाताणच मजेची आहे.

नावाचा अर्थ सोपा आहे. डायस्पोरा हा मूळ ग्रीक शब्द, बी विखुरतात तसे विखुरलेले लोक, आपल्याकडे म्हणतो ना, घरदार पांगलं, ते पांगणं.

बाई कोण

नताशा अ‍ॅटलसचा जन्म १९६४ चा, बेल्जियममधला. आई इंग्रज, वडिलांकडची मुळं मध्यपूर्वेतली. लहानपण ब्रसेल्समध्ये मोरोक्कन वस्तीत गेलं, नंतर आईबरोबर इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टनला. म्हणजे अरबी गाणं तिच्याकडे कैरोच्या गल्लीतून आलेलं नाही, युरोपातल्या स्थलांतरितांच्या मोहल्ल्यातून आलंय, आणि हे लक्षात ठेवलं की अल्बमच्या नावाचा उलगडा आपोआप होतो. तरुणपणी ती ब्रसेल्सच्या अरबी आणि तुर्की नाइटक्लबांत गायची, बेली डान्स करायची, मध्ये एका साल्सा बँडमध्येही गाऊन झालं. अरबी, फ्रेंच, इंग्रजी, स्पॅनिश अशा चार भाषांत गाणारी बाई, त्यामुळे पुढे लंडनमध्ये तिला मागणी आली यात नवल नाही.

१९९१ च्या सुमारास दोन गोष्टी झाल्या. लोका नावाच्या ग्रुपबरोबरचं तिचं टिंबाल हे गाणं क्लबांमध्ये चाललं, आणि जा वॉबल या बेसवाल्याच्या, तोच तो पब्लिक इमेज लिमिटेड या इंग्रजी बँडमधला, इन्व्हेडर्स ऑफ द हार्ट या बँडच्या अल्बमवर ती गायली. तिथून ती ट्रान्सग्लोबल अंडरग्राउंड या टोळीत आली, मुख्य गायिका आणि स्टेजवर नाचणारी म्हणून.

टोळी आणि कंपनी

ट्रान्सग्लोबल अंडरग्राउंड समजल्याशिवाय डायस्पोरा समजत नाही. ही लंडनची मंडळी, टोपणनावं घेऊन वाजवणारी. काउंट दुबुला म्हणजे निक पेज, बेस आणि गिटार. हमीद मंटू म्हणजे हॅमिल्टन ली, ड्रम. अ‍ॅलेक्स केसिएक म्हणजे टिम व्हीलन, कीबोर्ड. नावं अशी ठेवायची की माणूस कुठल्या देशाचा ते कळूच नये. जगभरच्या रेकॉर्डमधले तुकडे घ्यायचे, खाली ब्रेकबीट, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला ड्रमचा तुटक तुकडा, आणि डबचा बेस घालायचा आणि लोकांना नाचवायचं, हा त्यांचा धंदा. १९९३ चा ड्रीम ऑफ १०० नेशन्स हा त्यांचा पहिला अल्बम, त्यावर नताशाचा आवाज आहेच.

नेशन रेकॉर्ड्स ही कंपनी अकी नवाझ आणि कॅथ कॅनोव्हिल यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेली. अकी नवाझ हा पाकिस्तानी घरातला ब्रिटिश पोरगा, आधी सदर्न डेथ कल्ट या पंक बँडचा ड्रमर, नंतर फन-दा-मेंटल हा तिखट राजकीय हिपहॉप ग्रुप काढणारा. एशियन डब फाउंडेशनचं सुरुवातीचं कामही याच कंपनीनं काढलं. त्या काळात इंग्लंडच्या रेकॉर्डच्या दुकानात बाकी जगाचं सगळं संगीत वर्ल्ड म्युझिक नावाच्या एका फळीवर ढकलून दिलेलं असायचं, माली काय, बल्गेरिया काय, कव्वाली काय, सगळं एकाच खणात, आणि घेणारे बहुतेक शांत बसून ऐकणारे. नेशनच्या लोकांना ते पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं हे की हे आमच्या घरात वाजणारं संगीत आहे, म्युझियमची वस्तू नाही, आणि त्यावर क्लबमध्ये घाम येईपर्यंत नाचता आलं पाहिजे.

वातावरणही तयार होत होतं. अल्जेरियाच्या खालिदचं दीदी १९९२ ला आलं आणि ते तर आपल्याकडे लग्नाच्या वरातीपर्यंत पोचलं, शब्द एकाला कळत नव्हता तरी. पण ते राय, म्हणजे ओरान शहरातलं, फ्रान्सच्या वाटेनं आलेलं पॉप. डायस्पोराची नजर जास्त पूर्वेकडे, कैरोकडे.

वारसा म्हणजे नक्की काय

इथं थोडं थांबायला पाहिजे, कारण अरबी म्युझिक म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोक्यात एकच ती नागिणीछाप धून वाजते आणि विषय संपतो.

अरबी संगीत मकामावर चालतं. मकाम म्हणजे ढोबळमानानं आपला राग, नुसती स्वरांची पट्टी नाही तर कुठून उठायचं, कुठं थांबायचं, कुठल्या स्वराला कुरवाळायचं याची रीत. हिजाज हा मकाम घेतला तर त्याचा खालचा भाग आपल्याला ओळखीचा वाटतो, कोमल रे नंतर शुद्ध ग, भैरवच्या पूर्वांगासारखा. पण रास्त आणि बयाती घेतले की पेटीवाला अडकतो, कारण रास्तचा गंधार शुद्ध आणि कोमलच्या मध्ये कुठेतरी बसतो, बयातीत तीच गोष्ट रिषभाची. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जी फट असते ना, तिथं तो स्वर आहे. १९३२ साली कैरोला अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती, हंगेरीचा संगीतकार बार्टोक सुद्धा आला होता, आणि तिथं यावरच घमासान, सप्तकाचे सारखे २४ भाग करायचे का, पियानोला घरात घ्यायचं का. आपल्याकडे आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली ती साधारण याच कटकटीतून, मींड निघत नाही, श्रुती बसत नाही. नाट्यसंगीतवाल्यांना हा वाद वेगळा समजावून सांगायला नको.

आता हाच प्रश्न सिंथेसायझर आणि सॅम्पलरवर, म्हणजे रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणाऱ्या मशीनवर, आणा. मशीन बारा स्वरांवर ट्यून केलेलं असतं. त्यावर अरबी गाणं ठेवायचं तर तीनच वाटा, एक तर ज्यात ते मधले स्वर नाहीत असेच मकाम घ्यायचे, म्हणून तर फ्यूजनमध्ये उठसूट हिजाज ऐकू येतो, किंवा मशीनच्या स्वरांची ट्यूनिंग बदलायची, कैरोच्या लग्नातले कीबोर्डवाले ते सर्रास करतात, किंवा मग मशीनला स्वरांपासून लांबच ठेवायचं, त्याच्याकडे फक्त बेस आणि ताल द्यायचा आणि वरचं सगळं गळा, ऊद आणि व्हायोलिनवर सोपवायचं. डब या कामाला फारच सोयीचा पडतो. डब म्हणजे जमैकाच्या स्टुडिओत १९७० च्या आसपास निघालेली युक्ती, तयार गाण्यातून एकेक वाद्य काढून टाकायचं, ड्रम आणि बेस ठेवायचे, उरलेल्याला प्रतिध्वनीत सोडून द्यायचं. म्हणजे वर भरपूर मोकळी जागा, आणि त्या जागेत अरबी गळा कसाही फिरू शकतो, खालून कोणी कॉर्ड वाजवून त्याला अडवत नाही. माझ्या मते हे लग्न टिकलं ते या कारणानं, बाकी पूर्व-पश्चिम मिलन वगैरे कव्हरवर छापायच्या गोष्टी.

तालाचंही तसंच. इजिप्तमध्ये सगळ्यात जास्त वाजणारा ताल मक्सूम, आठ मात्रांत मोजला तर दुम तक, मग एक रिकामी, मग तक दुम, परत रिकामी, मग तक आणि शेवटची रिकामी. दुम म्हणजे दर्बुक्याच्या मध्यावरचा जाड ठोका, तक म्हणजे कडेवरचा कडक. केहरवा वाजवणाऱ्याच्या हाताला हा दहा मिनिटांत येतो. चारचा ताल असल्यामुळे क्लबच्या बीटवर आरामात बसतो पण मधल्या मोकळ्या जागा तशाच राहिल्या पाहिजेत, त्यात हाय-हॅट, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजा, भरून टाकली की कंबर हलायची थांबते. बेली डान्स केलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

अल्बममध्ये काय आहे

सुरुवात इस्कंदरियानं, म्हणजे अलेक्झांड्रिया शहर. पुढे लेश नत्आरक, डायस्पोरा हे शीर्षकगीत, यल्ला चँट, अल्हाम्ब्रा, दुदेन, फेरेस, फन डझ नॉट एग्झिस्ट अशी गाणी, आणि शेवटाकडे यल्ला चँटचंच डब रूप डब यल्ला आणि इस्कंदरियाचं एक रीमिक्स ज्याच्या नावात कैरोचा झमालेक हा नाईलमधल्या बेटावरचा भाग येतो.

ट्रान्सग्लोबलची मंडळी निर्मितीला आहेतच, पण खरा फरक पाडला तो दोन पाहुण्यांनी. एक एसाम रशाद, इजिप्तचा संगीतकार आणि ऊदवादक, दुसरा ट्युनिशियाचा गायक-गीतकार वालिद रुईसी. हे दोघं नसते तर अल्बम ट्रान्सग्लोबलचाच पुढचा भाग झाला असता, फक्त बाईचा आवाज जास्त. यांच्यामुळे काही गाणी अशी झालीत की मशीन मागे सरकतं आणि ऊद पुढे येऊन बसतो, आणि मग पुढच्या गाण्यात बेस परत आला की तो जास्त जड वाटतो. सलग ऐकायचा अल्बम आहे, शफलवर टाकलात तर ही गंमत जाते.

लेश नत्आरक म्हणजे आपण भांडतो का. शांततेची हाक असलेलं गाणं, आणि साल आहे १९९५, इस्रायल आणि पॅलेस्टिनींमधला ओस्लो करार होऊन दोन वर्षं झालेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांची हत्या झाली. भाषेची एक बारीक गोष्ट इथं सापडते, का या अर्थी लेश हा शब्द पॅलेस्टाइन, लेबनॉन, सीरियाकडचा, कैरोचा माणूस ले म्हणेल. इजिप्शियन वळणाच्या गायकीच्या अल्बममध्ये शाम प्रांताचा, म्हणजे त्याच सीरिया-लेबनॉन पट्ट्याचा शब्द, म्हणजे पांगलेल्यांची अरबी अशीच असते, चार गावची एकत्र झालेली, दुबईत वीस वर्षं काढलेल्या मालवणी माणसाची हिंदी ऐका म्हणजे कळेल. आणि यल्ला हा शब्द तर आखातात राहिलेल्या कुठल्याही मराठी घरात न सांगता कळतो, चला, आटपा, निघा, सगळ्याला एकच.

अल्हाम्ब्रा म्हणजे ग्रॅनाडाचा तो राजवाडा, स्पेनमधल्या शेवटच्या मुस्लिम राज्याचा, १४९२ ला हातचा गेलेला. तिथून निघालेले मुसलमान आणि ज्यू उत्तर आफ्रिकेत गेले आणि गाणी बरोबर घेऊन गेले, मोरोक्को-अल्जेरियात अंदलुसी संगीत आजही गातात. डायस्पोरा नावाच्या अल्बममध्ये अल्हाम्ब्रा आल्याशिवाय राहिलाच नसता.

गायकीत मव्वालची छाया जागोजाग आहे. मव्वाल म्हणजे ताल सुरू व्हायच्या आधी किंवा तो थांबवून मोकळ्या लयीत केलेली आळवणी, आलापासारखी पण शब्दांसकट. क्लबच्या डीजेला हा प्रकार त्रासाचा, लोक नाचायचे थांबतात. इथं तो ठेवलाय.

टीका आणि तक्रारी

सगळंच गोड नाही. इंग्रजीत फन डझ नॉट एग्झिस्ट वगैरे भाग आले की अल्बम एकदम त्या काळातल्या लंडनचा होतो आणि जुना वाटतो, नव्वदीतले ड्रम लूप आज कानाला पुठ्ठ्यासारखे लागतात. दुसरी तक्रार मोठी आहे, बेली डान्स, मेंदी, दागिने, धुरातला स्टेज, ही सगळी प्रतिमा युरोपला जशी पूर्व आवडते तशीच नाही का. आक्षेप अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पण गाणं अरबीत, त्याचं भाषांतर करून कोणाला भरवलेलं नाही, आणि ऊद वाजवणारा कैरोच्या परंपरेतला, एवढं पाहिलं की नुसती सजावट म्हणून उडवून लावता येत नाही.

नंतर

पुढचा अल्बम हलीम, १९९७, इजिप्तचा लाडका गायक अब्देल हलीम हाफिज याला वाहिलेला, त्यात कैरोची व्हायोलिनं जास्त आणि क्लब कमी. त्याच वर्षी डेव्हिड अरनॉल्डनं जेम्स बाँडच्या गाण्यांचा जो अल्बम केला त्यात फ्रॉम रशिया विथ लव्ह तिनं गायलं. १९९९ च्या गेदिदामध्ये फ्रान्सवाझ आर्दीचं जुनं फ्रेंच गाणं अरबी साजात आलं आणि फ्रान्समध्ये तिचं नाव घरोघरी झालं. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशवादविरोधी परिषदेसाठी सदिच्छादूत म्हणून नेमणूक झाली. २००८ च्या अना हिनामध्ये तर मशीन जवळजवळ सोडूनच दिलं, सगळी खरी वाद्यं. काउंट दुबुला म्हणजे निक पेजनं पुढे डब कोलोससमधून हीच डबची युक्ती इथिओपियाच्या संगीतावर लावून पाहिली, तो २०२१ मध्ये गेला.

ऐकायचा असेल तर फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, निम्मा अल्बम बेसमध्ये आहे आणि तो तिथं येतच नाही.