शर्यतीच्या कबुतरांच्या पिल्लांचे आजार

शर्यतीसाठी पाळलेल्या होमर कबुतरांची पिल्ले आईबापांपासून वेगळी केल्यापासून पहिल्या शर्यतीपर्यंत ज्या आजारांना बळी पडतात, ते आजार, त्यांची कारणे आणि ते टाळण्याचे व आवरण्याचे उपाय येथे दिले आहेत. सांगली, मिरज, कराड, सातारा या भागात गच्चीवर किंवा परड्यात ढाबळ (कबुतरांचे घर) बांधून होमर पाळणारे शौकीन आहेत, आणि दर हंगामात त्यांचे सर्वाधिक नुकसान याच वयात होते. ससाण्याने नेलेले किंवा वाट चुकलेले पिल्लू लगेच ध्यानात येते. पण दाण्यावर न आलेले, कोपऱ्यात पिसे फुलवून बसलेले पिल्लू गर्दीत नजरेतून सुटते आणि दोन-तीन दिवसांत अर्ध्या ढाबळीला आजार देऊन जाते.

पिल्लू नाजूक का असते

मादी एका वेळी दोन अंडी घालते व साधारण १७-१८ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पहिले काही दिवस नर आणि मादी दोघेही आपल्या गळ्याखालच्या अन्नपिशवीत तयार होणारा दाट, पांढुरका स्राव पिल्लांना भरवतात. यालाच कबुतराचे दूध म्हणतात. त्यात प्रथिने व चरबी भरपूर असते आणि आईबापांकडची प्रतिपिंडेही त्यातून मिळतात. सातव्या दिवसाच्या आसपास पायात रिंग घालतात आणि २५ ते ३० दिवसांचे झाल्यावर पिल्लू वेगळे काढतात. आईकडून मिळालेले संरक्षण याच सुमारास ओसरू लागते आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून पुरती उभी राहिलेली नसते. पक्ष्यांमध्ये प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी गुदद्वाराजवळच्या फॅब्रिशियस पिशवीत घडतात व पिल्लाच्या वयात तिचे काम चालू असते. नेमक्या याच दिवसांत पिल्लाला नवी ढाबळ, अनोळखी गर्दी, स्वतः दाणे टिपणे, पहिली उड्डाणे आणि मग करंडीतला प्रवास हे सगळे एकामागून एक सोसावे लागते. म्हणून चौथ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ सर्वांत धोक्याचा.

तरुण पिल्लांचा आजार

शौकिनांमध्ये ‘यंग बर्ड सिकनेस’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार एकाच जंतूने होत नाही, अनेक कारणे एकत्र येऊन तो उद्‌भवतो. लक्षणे ठरावीक आहेत. पिल्लू दाणा सोडते, पाणी मात्र पिते. अन्नपिशवी रिकामी होत नाही, आत दाणे व पाणी तसेच राहते. मग उलटी होते, हिरवी पातळ विष्ठा पडते आणि दोन दिवसांत छातीचे हाड हाताला टोचू लागते.

कबुतरांतील सर्कोव्हायरस हा यामागचा एक मोठा घटक मानला जातो. तो फॅब्रिशियस पिशवीतील पेशी नासवतो, त्यामुळे पिल्लाची प्रतिकारशक्ती खचते आणि एरवी आतड्यात निमूट राहणारा ई. कोलाय जिवाणू माजतो. अ‍ॅडेनोव्हायरसही आतडे व यकृत यांवर हल्ला करतो. २०१६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील ढाबळींत मोठी मरतूक झाली, तेव्हा रोटाव्हायरसचा एक नवा प्रकार सापडला. २०२० मध्ये जर्मन संशोधकांनी हाच विषाणू निरोगी कबुतरांना देऊन आजाराची लक्षणे उमटतात हे दाखवले. तेव्हापासून या आजाराच्या अनेक उद्रेकांचे मूळ रोटाव्हायरसकडे जाते. यांपैकी कोणत्याही विषाणूवर थेट औषध नाही. त्यामुळे हा आजार ‘कोणते अँटिबायोटिक द्यावे’ या प्रश्नाने सुटत नाही.

प्रसार मुख्यतः विष्ठेतून, पाण्याच्या भांड्यातून आणि पिसांच्या भुकटीतून होतो. चार घरची पिल्ले एकाच करंडीत बसवून सरावाला नेली की एका ढाबळीतला विषाणू संध्याकाळपर्यंत चारही ढाबळींत पोचतो. बाजारातून आणलेले पिल्लू त्याच दिवशी इतरांत सोडणे ही आपल्याकडे सर्रास होणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. नवा पक्षी किमान तीन आठवडे वेगळा ठेवावा. त्याची भांडी वेगळी असावीत आणि त्याचे दाणापाणी घरच्या पक्ष्यांचे झाल्यावर शेवटी करावे.

सकाळची पाहणी

आजार लवकर पकडण्याचे खरे साधन म्हणजे पाळणाऱ्याचे डोळे आणि बोटे. पहाटे दाणा टाकण्यापूर्वी फळीवरची विष्ठा पाहावी. निरोगी विष्ठा तपकिरी, गोळीबंद असते, तिच्यावर पांढरी टोपी असते आणि कडेने पाण्याचे ओघळ नसतात. जमिनीवर बारीक पांढरी लव पडलेली असेल तर ते चांगले लक्षण. मग एकेक पिल्लू हातात घ्यावे. सकाळी अन्नपिशवी रिकामी व मऊ लागली पाहिजे. रात्रीचे दाणे बोटांना लागत असतील किंवा पाणी डुचमळत असेल तर पचन अडले आहे. चोच हळूच उघडून घशात पाहावे. आतले अस्तर फिकट गुलाबी आणि कोरडेसे हवे. चिकट तारा, लालसरपणा किंवा पिवळा ठिपका दिसला तर ते पिल्लू बाजूला काढावे. नाकावरचा पांढरा भाग करडा पडणे, एकाच डोळ्यातून पाणी येणे, पंख लोंबणे याही खुणा आहेत. वीस पिल्लांना एवढे करायला फार वेळ लागत नाही. जो हे रोज करतो त्याला आजार पहिल्या पिल्लातच सापडतो.

आजार दिसल्यावर

पहिले काम विलगीकरण. आजारी पिल्लू वेगळ्या, कोरड्या, उबदार पिंजऱ्यात ठेवावे आणि त्याच्या सोबत्यांवर नजर ठेवावी. सगळे सराव आणि करंडीतले प्रवास लगेच थांबवावेत. अन्नपिशवी अडली असेल तर सुट्या झालेल्या पिल्लांचा दाणा एक दिवस बंद करून फक्त पाणी द्यावे. पाण्यात ओआरएसची पुडी पाकिटावरच्या प्रमाणात मिसळली तर उलटी-जुलाबांत गेलेले क्षार भरून निघतात. आईबापांकडून भरवून घेणाऱ्या लहान पिल्लांना मात्र उपाशी ठेवू नये. अन्नपिशवी मोकळी झाल्यावर तांदूळ, ज्वारी असे हलके दाणे थोडे थोडे द्यावेत. मका, हरभरा, वाटाणा काही दिवस नंतर.

मेलेले पिल्लू फेकून न देता तपासायला देणे फार मोलाचे असते. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ते १९८८ पासून चालू आहे. पुण्यात औंधला पशुसंवर्धन विभागाची रोगनिदान प्रयोगशाळा आहे. शव गोठवू नये, बर्फाच्या पाकिटासह प्लॅस्टिकमध्ये बांधून शक्य तितक्या लवकर न्यावे. एका पक्ष्याच्या शवविच्छेदनातून जे कळते ते चार शौकिनांच्या अंदाजांतून कळत नाही. ढाबळीत एकदम अनेक पक्षी मेले तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

इतर मुख्य आजार

ट्रायकोमोनास गॅलिनी या एकपेशीय परजीवीमुळे घशात पिवळट, दाट थर साचतो. शौकीन याला कँकर म्हणतात. आईबाप भरवताना हा परजीवी पिल्लाच्या तोंडात जातो, नंतर सामायिक पाण्यातून पसरतो. बहुतेक मोठी कबुतरे तो अंगात बाळगूनही धडधाकट दिसतात, म्हणून जोड लावण्यापूर्वी नर-मादीची तपासणी करून उपचार करणे हाच पिल्लांचा खरा बचाव. रोनिडॅझोल व कार्निडॅझोल ही त्यावरची औषधे. घशातला थर कधीही खरवडू नये, रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते.

मानमोडी हा कोंबड्यांमध्ये राणीखेत म्हणून प्रसिद्ध असलेला आजार. कबुतरांत त्याच विषाणूचा वेगळा प्रकार आढळतो, तो १९८० च्या दशकात युरोपभर पसरला. विष्ठेत पाणीच पाणी होते, मान पिळवटते, दाणा टिपताना चोच भलतीकडेच पडते. अशा पिल्लाला खोल भांड्यात दाणा दिला आणि जपले तर काही आठवड्यांत काही पिल्ले सावरतात. प्रतिबंध लसीनेच होतो. मृत विषाणूची लस मानेच्या खालच्या बाजूला कातडीखाली, पशुवैद्याच्या हाताने, पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास द्यावी. आपल्याकडे सहज मिळणारी कोंबड्यांची लासोटा लस डोळ्यात टाकतात, पण कबुतरात तिचे संरक्षण तोकडे व थोड्या काळाचे असते.

देवीचे फोड डोळ्यांभोवती, चोचीच्या मुळाशी व पायांवर येतात. विषाणू डासांमार्फत फिरतो. आजूबाजूला पाणी साचणारे उसाचे फड असतील तर संध्याकाळी ढाबळीला बारीक जाळी लावणे फायद्याचे. पिसांत लपणारी चपटी कबूतरमाशी हिमोप्रोटियस हा रक्तातील परजीवी पसरवते. तिचे हे काम सर्जंट बंधूंनी १९०६ साली अल्जीरियात दाखवून दिले. अंगावर माशी दिसली तर घरटी व फळ्या दोन्हींवर उपचार हवेत.

कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) आणि जंत हे ओलाव्याचे आजार आहेत. कॉक्सिडियाची अंडुके विष्ठेतून बाहेर पडतात, पण दमट हवेत एक-दोन दिवस पक्व झाल्याशिवाय ती संसर्ग करू शकत नाहीत. विष्ठा रोज कोरडी खरवडून काढली तर हे चक्र औषधाशिवाय तुटते. साल्मोनेला या जिवाणूने सांधे सुजतात व पंख लटकतो. उंदरांची विष्ठा दाण्यात पडणे हे त्याचे एक नेहमीचे कारण.

ढाबळ, पाऊस आणि दाणा

महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सह्याद्रीच्या आडोशाला असलेल्या माण, आटपाडीत ५०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून सातारा व सांगली या सबंध दोन जिल्ह्यांना एकच सल्ला लागू पडत नाही. जावळी, पाटणच्या बाजूला जून ते सप्टेंबर ढाबळ कोरडी ठेवणे हेच सर्वांत मोठे काम. तिथे पावसाळ्यात पिल्ले न काढलेलीच बरी. आटपाडी, जतकडे ओलावा नाही, पण पत्र्याखालचा उन्हाळा आणि धूळ श्वसनाचे आजार आणतात. कृष्णाकाठच्या सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतरची दमट हवा, भिजलेला दाणा आणि डास ही सगळी संकटे एकदम आली होती.

ढाबळ पाण्याने धुण्यापेक्षा कोरडी खरवडावी. धुवायचीच तर उन्हाच्या दिवशी, संध्याकाळपर्यंत खडखडीत वाळेल अशी. हवा वरून बाहेर जावी, पण पक्ष्यांच्या अंगावर वारा येऊ नये. गर्दी हे अर्ध्या आजारांचे मूळ आहे. प्रत्येक पिल्लाला बसायला स्वतःची जागा हवी. ती मिळत नसेल तर पिल्ले कमी काढावीत, औषधे वाढवू नयेत.

दाण्यात ज्वारी, बाजरी, मका, गहू, मूग, मटकी, करडई हे सगळे इथल्याच शिवारातले. मका मात्र नीट पाहून घ्यावा. कोंभाजवळ काळसर-हिरवट झाक, कुबट वास किंवा हातात भुकटी लागली तर बुरशीचे विष असू शकते, ते यकृतावर जाते आणि प्रतिकारशक्ती दाबते. खराब मका धुऊन-वाळवून चांगला होत नाही.

औषधांबद्दल

पाण्यात अँटिबायोटिक टाकून ठेवण्याची सवय घातक आहे. तिने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पिल्लाची स्वतःची प्रतिकारशक्ती नीट घडत नाही. आजारी पिल्लू पाणी नेमके किती पिते हे न ठरल्याने मात्राही चुकते. पोल्ट्रीच्या दुकानात सहज मिळणारे एन्रोफ्लॉक्सॅसिन वाढत्या पिल्लांच्या सांध्यांच्या कूर्चेला इजा करू शकते. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देताना ग्रीट (खडे-शिंपल्यांचा चुरा) व चुनखडी बाजूला काढावी लागते, कारण कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते. सांगलीची हळद आणि लसूण पाण्यात घालणे अनेकांच्या घरात चालते. थोड्या प्रमाणात त्याने बिघडत नाही, पण कँकर किंवा मानमोडी त्यावर सोडणे म्हणजे पिल्लू गमावणे.

शेतातले विष

आजारासारखीच दिसणारी, पण आजार नसलेली एक गोष्ट या भागात नेहमी लक्षात ठेवावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये माण, खटाव, जत भागात रब्बी ज्वारीची पेरणी होते आणि बियाण्याला औषध चोळलेले असते. त्याच काळात तासगाव, कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांत छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात. नवी पिल्ले याच दिवसांत लांब उडायला शिकतात आणि तहान लागली की शेतातल्या साचल्या पाण्यावर उतरतात. एकाच संध्याकाळी अनेक पक्षी एकदम लाळ गाळू लागले, थरथरले, उभे राहू शकले नाहीत तर ती विषबाधा समजावी आणि ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावे. ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा कार्बामेट प्रकारच्या कीटकनाशकाच्या विषबाधेत अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर पक्षी वाचू शकतो. अन्नपिशवीतले रंगीत दाणे जपून ठेवून दाखवावेत. उपाय सोपा आहे: बाहेर सोडण्यापूर्वी पिल्लांनी घरी पाणी प्यायलेले असावे आणि फवारणीच्या दिवशी उड्डाण टाळावे.

बरे झाल्यावर

बरे झालेले पिल्लू दिसायला ठीक असले तरी त्याचे यकृत व आतडे पूर्ववत व्हायला वेळ लागतो. विष्ठा पुन्हा गोळीबंद झाल्यावर आणि छाती भरल्यावर किमान दोन आठवडे ते फक्त ढाबळीभोवती उडवावे. मग सांगलीच्या पक्ष्यांसाठी तुंग, आष्टा, पेठ नाका, कराड असे अंतर हळूहळू वाढवत न्यावे. हंगाम हुकेल म्हणून घाई केली की पिल्लू थेट कराडवरून सोडले जाते आणि परतच येत नाही. त्याचा दोष वाटेला किंवा ससाण्याला दिला जातो. एक वर्ष शर्यत न लावता राखलेला पक्षी पुढच्या हंगामात मोठा पक्षी म्हणून उडू शकतो, हे चांगल्या रक्ताच्या पिल्लाबाबत तरी लक्षात ठेवावे.

पाळणाऱ्याचे आरोग्य

कबुतरांतील क्लॅमिडिया सिटॅसी हा जिवाणू माणसाला फुप्फुसाचा आजार करतो. विष्ठेच्या व पिसांच्या भुकटीने काही जणांच्या फुप्फुसाला ॲलर्जिक सूज येते, आणि संपर्क चालूच राहिला तर फुप्फुस कायमचे घट्ट होऊ शकते. खरवडताना घट्ट बसणारा एन-९५ मास्क घालावा, ढाबळीचे कपडे घरात आणू नयेत. ढाबळीतून आल्यावर काही तासांनी ताप, कोरडा खोकला, धाप असे वारंवार होत असेल तर छातीच्या डॉक्टरांना दाखवावे आणि आपण कबुतरे पाळतो हे त्यांना आधी सांगावे.