रूटच्या नावाची फाइल

काही वर्षांपूर्वी सकाळी सात वाजता मामेभावाचा फोन आला. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या कारखान्यांना तो चादरी आणि टॉवेलांची जॅकार्ड, म्हणजे मागावर विणायच्या नक्षीची, डिझाइनं करून देतो. त्याचा संगणक लिनक्स या प्रणालीवर चालतो. "दादा, पासवर्ड बरोबर टाकतोय की, तरी स्क्रीन काळी होतीय आन् परत पासवर्डच मागतंय. दुपारपर्यंत बॉर्डर द्यायचीय."

पासवर्ड चुकला असता तर संगणकाने तसं सांगितलं असतं. इथे पासवर्ड मान्य होत होता, डेस्कटॉप उघडायला लागत होता आणि क्षणात सगळं मिटून तो परत दाराबाहेर येत होता. आदल्या रात्री काय केलंस, असं विचारलं. टॉवेलवर गिऱ्हाइकाचं नाव विणायचं होतं, त्यासाठी एक देवनागरी फॉन्ट हवा होता. फॉन्टच्या फोल्डरमध्ये फाइल टाकायला गेला तर ‘परवानगी नाही’ असं आलं. मग त्याने टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून आख्खा फाइल मॅनेजरच सुडो ही आज्ञा लावून, म्हणजे सर्वाधिकाराने चालवला. फॉन्ट बसला, काम झालं, तो झोपला.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक असतो. ही पद्धत युनिक्सची. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९६९ पासून ती प्रणाली उभी केली आणि १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्सने सुरू केलेल्या लिनक्सने हा कायदा जसाच्या तसा घेतला. मालक, त्याचा गट आणि बाकी सगळे अशा तिघांना वाचण्याचे, लिहिण्याचे आणि चालवण्याचे वेगवेगळे हक्क. संगणक माणसाला नावाने ओळखत नाही, आकड्याने ओळखतो. उबुंटू किंवा मिंट या लिनक्सच्या प्रकारांमध्ये पहिल्या वापरकर्त्याचा आकडा १०००. शून्य आकडा रूटचा, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी खात्याचा, आणि रूटला हे हक्क अडवत नाहीत. एखादी आज्ञा तेवढ्यापुरती या शून्याच्या नावावर चालवून देण्याचं काम सुडो करतं. बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी १९८० च्या सुमारास ते अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात लिहिलं.

आता खरी गोम. डेस्कटॉपवरचा कुठलाही प्रोग्रॅम उघडला की तो गुपचूप बरंच काही लिहून ठेवतो : खिडकीचा आकार, अलीकडे उघडलेल्या फाइली, आवडीच्या सेटिंग्ज. हे सगळं तुमच्या घरच्या फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या, एरवी न दिसणाऱ्या फाइलींमध्ये जातं. त्या काळच्या उबुंटू आणि मिंटमध्ये सुडो लावल्यावर वापरकर्ता बदलून रूट व्हायचा, पण ‘घर कुठलं’ याचं उत्तर मात्र जुनंच राहायचं. म्हणजे लिहिणारा रूट आणि घर माझ्या भावाचं. त्यात बरेच प्रोग्रॅम जुन्या फाइलीत खाडाखोड करत नाहीत. शेजारी नवी फाइल पूर्ण लिहितात आणि मग तिला जुनीचं नाव देतात. मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाइल उरू नये, हा त्यामागचा शहाणपणा. पण नवी फाइल ज्याने बनवली, मालकी त्याची. नाव तेच, जागा तीच, मालक मात्र बदललेला. कारखान्याच्या मालकाने कामगाराचा डबा उघडून पाहावा आणि जाताना त्याला आपलं कुलूप लावून जावं, असं ते होतं.

भावाच्या घरात अशा चार-पाच फाइली निघाल्या. त्यातली घातक एकच, डॉट-एक्स-ऑथॉरिटी. स्क्रीन सांभाळणाऱ्या एक्स या प्रणालीची १२८ बिटांची गुप्त खूण तिच्यात असते. खिडकी उघडू पाहणाऱ्या प्रोग्रॅमने ही खूण दाखवायची, तरच एक्स त्याला आत घेतो. लॉगिन करताना नवी खूण या फाइलीत लिहावी लागते. फाइल रूटची, त्यामुळे लिहिता येईना, खूण नाही म्हणून स्क्रीन मिळेना, आणि बिचारा परत पासवर्डच्या पाटीवर.

मी त्याला कंट्रोल, आल्ट आणि एफ-२ दाबायला सांगितलं. तिथे नुसत्या अक्षरांचं लॉगिन असतं, त्याला या फाइलीची गरज पडत नाही. फाइलींची मालकी परत त्याच्या नावावर केली आणि डेस्कटॉप उघडला. खरं तर त्या एका फाइलीपुरतं सुडोही लागलं नसतं. फाइल पुसण्याचा किंवा तिचं नाव बदलण्याचा हक्क फाइलीच्या मालकीवर नसतो, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याच्यावर असतो. फोल्डर भावाचंच होतं. परक्याची फाइल आपल्या घरातून बाहेर काढता येते, फक्त तिच्यात लिहिता येत नाही. हा नियम मला युनिक्समधला फार सुंदर नियम वाटतो.

उबुंटूने १९.१० पासून सुडोबरोबर घरही रूटचंच धरायला सुरुवात केली, त्यामुळे हा घोळ कमी झाला. वेलँड ही नवी स्क्रीनप्रणाली आल्यावर उलटा अनुभव येऊ लागला. सुडो लावलेला प्रोग्रॅम अनेकदा उघडतच नाही, ‘डिस्प्ले उघडता येत नाही’ एवढं सांगून थांबतो. लोक गोंधळतात, कारण रूटला कोण अडवणार? इथे अडवणारे फाइलींचे हक्क नसतात. सुडो वाटेत बरीचशी माहिती गाळून टाकतं. स्क्रीनचा पत्ता त्यातच जातो, आणि पत्ता सापडला तरी स्क्रीन ज्याची आहे त्याच्याच प्रोग्रॅमला दार उघडायचं, असं स्क्रीन सांभाळणारा ठरवू शकतो.

हा अडसर मला मनापासून पटतो. जुन्या एक्समध्ये एकाच स्क्रीनवरचे प्रोग्रॅम एकमेकांत दाबलेली कीबोर्डची बटणं टिपू शकतात, एकमेकांना खोटे क्लिक पाठवू शकतात. तिथे रूटची खिडकी उघडी ठेवली, तर शेजारचा एखादा दुष्ट प्रोग्रॅम तिच्यामार्फत रूट होऊ शकतो. शिवाय चित्रं, फॉन्ट, मेनू यांचा लाखो ओळींचा कोड विनाकारण शून्य आकड्याच्या ताकदीने चालतो. म्हणून आता खिडकी साधीच चालते, आणि जेवढं काम खरंच अधिकाराचं आहे तेवढंच एक छोटा मदतनीस प्रोग्रॅम पासवर्ड विचारून करतो. पोलकिट नावाची व्यवस्था ही देवाणघेवाण सांभाळते. तीही चुकू शकते. तिच्या पीकेएक्झेक या आज्ञेतली २००९ पासूनची एक गंभीर चूक जानेवारी २०२२ मध्ये उघड झाली. पण छोटी चीज तपासता येते आणि दुरुस्त करता येते, आख्खा फाइल मॅनेजर नाही. यंत्रणेची एखादी फाइल बदलायची असेल तर सुडोएडिट वापरावं. ते फाइलीची प्रत तुमच्या नावावर उघडतं आणि बदल झाल्यावर जागेवर नेऊन ठेवतं.

फॉन्टचं मात्र मी भावाला त्याच दुपारी दाखवलं. त्याच्याच घरात डॉट-लोकल, त्यात शेअर, त्यात फॉन्ट्स असं फोल्डर करून फाइल तिथे ठेवली. प्रोग्रॅम बंद करून उघडला, फॉन्ट यादीत आला. कुणी पासवर्ड विचारला नाही. चारच्या आत बॉर्डर कारखान्यात पोहोचली.