अंक विकणाऱ्यांची हकिगत

पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं. काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर. त्यांच्या 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. ही नावं कोकणात अभिमानाने घेतली जातात, आणि घ्यावीतच. पण एसटी स्टँडवर उभं राहून तो अंक वाचकाच्या हातात देणाऱ्याचं नाव कुठल्याच स्मरणिकेत सापडत नाही. विक्रेत्याला कमाई व्हावी म्हणूनच नियतकालिक काढण्याची एक परंपरा जगात आहे. ती आपल्याकडे माहीत व्हायला हवी.

तिचं मूळ अमेरिकेत. कामासाठी गावोगाव भटकणाऱ्या मजुरांचं 'होबो न्यूज' १९१५ साली निघालं. ते विकायचेही मजूरच. १९८९ मध्ये न्यूयॉर्कला 'स्ट्रीट न्यूज' आलं. बेघर माणसं ते विकत. ब्रिटिश उद्योजक गॉर्डन रॉडिक यांनी ते पाहिलं आणि आपले जुने मित्र जॉन बर्ड यांना गळ घातली. बर्ड स्वतः रस्त्यावर झोपलेले, तुरुंगात राहून आलेले. सप्टेंबर १९९१ मध्ये लंडनला 'द बिग इश्यू' हे बेघरांनी विकायचं नियतकालिक सुरू झालं.

तिथला व्यवहार असा: विक्रेता अंक निम्म्या किमतीला विकत घेतो, छापील किमतीला विकतो आणि मधला फरक स्वतःकडे ठेवतो. न खपलेले अंक परत घेत नाहीत. नियम कडक वाटतो, पण मला सगळं बळ त्यातच दिसतं. किती अंक उचलायचे, पाऊस आला तर काय, गर्दी कधी असते, हे सगळं त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. बंदरावरच्या लिलावात मासळी घेऊन पाटी डोक्यावर घेणारी आपली बाई रोज पहाटे हाच विचार करते. तिला कोणी भीक घालून पाहावी!

विक्रेत्याला ओळखपत्र मिळतं आणि उभं राहायची जागा ठरवून दिलेली असते. ही जागा फार मोलाची. रोज त्याच कोपऱ्यावर दिसणाऱ्या माणसाला लोक हळूहळू नावाने हाक मारू लागतात, दोन दिवस दिसला नाही तर चौकशी करतात. ज्याची वाट पाहणारं कोणीच उरलेलं नाही, त्याच्यासाठी ही चौकशी कमाईइतकीच मोठी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे ब्रिटनमधल्या विक्रेत्यांना रस्त्यावरून हटावं लागलं. नियतकालिक दुकानांतून आणि वर्गणीवर चालू राहिलं, पण रोजच्या त्या भेटी तुटल्या.

१९९४ मध्ये अशा नियतकालिकांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. आज ते तीसहून अधिक देशांत पसरलं आहे. जपानमध्ये २००३ साली ओसाकापासून सुरुवात झाली.

कोकणात दिवाळी अंक काढणारी मंडळी आहेत आणि त्यांचा बराचसा खर्च जाहिरातींतून निघतो. त्यांनी थोड्या प्रती निम्म्या किमतीत, पहिल्या पाच-दहा उधारीवर, आधार सुटलेल्या माणसांना विकायला द्याव्यात. स्टँडवरची एक जागाही ठरवून द्यावी, आणि दिवाळी संपली म्हणून ती काढून घेऊ नये.