आधी चूल, मग पाटी : एस्वातिनीतल्या बालकेंद्रांची पार्श्वभूमी

आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडचं एस्वातिनी हे छोटंसं राज्य. तिथल्या खेड्यात सकाळी एखाद्या झाडाखाली तीन पायांचं बिडाचं भांडं मांडलेलं असतं, खाली जाळ, आत मका-सोयाच्या पिठाची पेज. भोवती आपापली वाटी घेऊन आलेली पोरं, बरीचशी शाळेच्या वयाच्याही आतली. तिकडे याला ‘नेबरहूड केअर पॉइंट’ म्हणतात. आपल्याला अंगणवाडी आठवते, पण अंगणवाडी 1975 च्या सरकारी योजनेतून गावोगाव पोचली. ही केंद्रं उभी राहिली ती घरं ओस पडू लागली म्हणून.

देश तेव्हा स्वाझीलंड होता (नाव बदललं 2018 मध्ये), वस्ती जेमतेम दहा-अकरा लाखांची. 1992 च्या पाहणीत गरोदर बायकांपैकी 3.9 टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या होत्या. 2004 मध्ये 42.6 टक्के. गावातले पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत, महिनोन्‌महिने घराबाहेर. आजार त्याच वाटेनं ये-जा करत राहिला. राजे म्स्वाती तिसरे यांनी 1999 मध्ये एड्सला राष्ट्रीय आपत्ती म्हटलं, पण औषधं फुकट मिळू लागायला आणखी चारेक वर्षं गेली. तोवर आईबापांची पिढीच मधून निखळली होती.

स्वाझी रीतीत पोरकं मूल उघड्यावर पडत नसे. काका, मावशी, आजी, कुणीतरी ओढून घेई. आता मात्र एकेका ‘गोगो’च्या, म्हणजे आजीच्या, पदरात सहा-सात नातवंडं, आणि शेतात राबायला कुणी नाही. त्यात 2002 चा दुष्काळ. अनाथाश्रम काढावेत, तर एवढा पैसा कुठला? शिवाय मूल गावाबाहेर गेलं की आईबापांच्या घर-जमिनीवरचा त्याचा हक्कही सैल होतो.

मग जुनीच गोष्ट कामी आली. तिथली बरीचशी जमीन राजा राष्ट्राच्या वतीनं सांभाळतो आणि गावाचा मुखिया ती वाटून देतो. मुखियाच्या थोरल्या घराला ‘इंद्लुनखुलु’ म्हणतात. त्या घराच्या नावाचं शेत गावानं कसायचं आणि धान्य नडलेल्यांसाठी ठेवायचं, ही चाल. 2001 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स परिषदेनं ती पोरक्या मुलांसाठी पुन्हा उभी केली. केंद्रांच्या कामात युनिसेफ होतं, जागतिक अन्न कार्यक्रमाची पोतीही येऊ लागली. झाडाखालच्या चुली पुढे शेकडोंनी झाल्या. काहींना पत्रा, कुंपण, संडास मिळाले. खाण्यामागून वजनकाटा आला, गाणी, अक्षरं आली.

सरपण आणायचं, पाणी वाहायचं, शिजवायचं, पोरांची नाकं पुसायची, सगळं गावातल्या बायकांनी पाळीपाळीनं, बहुतांशी बिनपगारी. अहवालात याला ‘लोकसहभाग’ म्हणतात. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या घरातही पोरकी नातवंडं असतात आणि तिचंही शेत पडून असतं, हे त्या शब्दात मावत नाही. पोती उशिरा आली की पेज बंद. पेज बंद झाली की मुलंही यायची थांबतात.

औषधोपचार पसरल्यावर आईबाप जगू लागले आणि बऱ्याच केंद्रांचा तोंडवळा पोरक्यांच्या चुलीपेक्षा गावच्या बालवाडीचा झाला. भूक मात्र हटली नाही. फेब्रुवारी 2016 मध्ये सरकारला दुष्काळाची आपत्ती जाहीर करावी लागली. पाऊस चुकतो तेव्हा मुखियाच्या शेतातला मकाही इतरांच्या मक्यासारखाच करपतो.