राखेची टेकाडं आणि शिवारातल्या चुली

उघड्यावर पेटवलेल्या चुलीचं मागे फार थोडं उरतं: भाजून तांबूस झालेली माती, तडकलेले गोटे, कोळशाचे कण, जळक्या हाडांचे तुकडे. राख पावसाबरोबर जाते. माती वणव्यानेही भाजते, म्हणून या खुणा एका लहानशा जागी एकत्र मिळाल्या तरच तिथे माणसाने जाळ केला असं म्हणता येतं. बेळगावकडच्या घटप्रभा-मलप्रभा नद्यांच्या काठची आदिमानवाची बरीचशी दगडी हत्यारं पुराच्या गाळात सापडतात. त्यांच्याशेजारी कोळसा मिळाला तरी दोन्ही एकाच काळचे, असं गृहीत धरता येत नाही.

म्हणून जुन्या जाळाच्या खुणांची चर्चा पूर्वेकडच्या राखेच्या टेकाडांवर, म्हणजे जळक्या राखेच्या मोठ्या ढिगाऱ्यांवर गेली आणि तिथेच अडकली. बळ्ळारी, रायचूर, यादगीर भागातली ही टेकाडं नवाश्मयुगातली, साधारण इ.स.पू. 3000 ते 1200 या काळातली. हंपीजवळच्या निंबापूरचं टेकाड लोक वालीची चिता मानतात. 19व्या शतकात कुणाला ती ज्वालामुखीची वाटली, कुणाला भट्ट्यांची, कुणाला सामूहिक चितांची. शेण जळून ती झाली, हा विचारही त्याच शतकातला. 1957 मध्ये आजच्या तेलंगणातल्या उटनूरला उत्खननात गुरांच्या खुरांचे ठसे आणि कुंपणाच्या खांबांचे खड्डे मिळाले, तेव्हा त्याला बळ आलं. शेणात गवतातली सिलिका असते. प्रखर आचेत ती वितळून काचेसारखी घट्ट होते. निपाणी-चिकोडीकडे धनगरांनी शेतात बसवलेल्या मेंढ्या पाहिलेल्यांना लेंड्यांचा थर किती लवकर साचतो, हे सांगायला नको.

पण हे शेण मुद्दाम का जाळलं? रोगराई टाळायला, सण म्हणून, की आग चुकून लागली? वाद अजून चालू आहे, आणि माझ्या मते त्यात गरजेपेक्षा जास्त शाई खर्च झाली. यादगीर जिल्ह्यातल्या बूदिहाळला टेकाडाजवळ घरं आणि जनावरं कापण्याची जागाही सापडली. काय खाल्लं जाई, हे त्या जागेवरून अधिक कळतं. दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन वस्त्यांत हुलगे, मूग आणि बारीक तृणधान्यांचे जळके दाणे मिळाले आहेत, तेही स्वयंपाकाचाच पुरावा.

बेळगावच्या शिवारात जुन्या चुलींच्या अशा लहान जागा शोधायच्या तर वेळ थोडा आहे. उसासाठी जमीन सपाट केली की तांबूस मातीचा पातळ थर नांगराखाली मोडतो. पाचट जाळल्याचा ताजा कोळसा त्यात मिसळतो आणि त्याच नमुन्याचं कार्बन कालमापन केलं, तर उत्तर अलीकडचं येतं.