पाच सेकंदांत सोळा मोहरी

बुद्धिबळातला मास्टर आपल्यापेक्षा खूप पुढच्या चाली पाहतो आणि म्हणून जिंकतो, अशी एक भाबडी समजूत आहे. आद्रियान दे ग्रूत या डच मानसशास्त्रज्ञाने ती तपासून पाहिली. तो स्वतः नेदरलँड्सकडून बुद्धिबळ ऑलिम्पियाड खेळला होता, त्यामुळे आल्येखिन, केरेस, एव्वे असे त्या काळातले बडे खेळाडू त्याच्या ओळखीचे होते. त्यांच्यासमोर पट मांडायचा आणि मनात चाललेला विचार मोठ्याने बोलायला सांगायचं, एवढीच त्याची पद्धत. १९४६च्या प्रबंधात त्याने मांडलेलं निरीक्षण असं की, ग्रँडमास्टर आणि चांगला क्लब खेळाडू साधारण सारख्याच खोलीपर्यंत गणित करतात. पण ग्रँडमास्टर ज्या चालीपासून गणिताला सुरुवात करतो, ती दुसऱ्याला बऱ्याचदा सुचतच नाही.

ती सुचते कुठून? १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी एक मास्टर, एक मध्यम खेळाडू आणि एक नवशिका अशा तिघांना खऱ्या डावांतल्या स्थिती ५ सेकंद दाखवल्या आणि आठवून मांडायला सांगितल्या. पटावर पंचवीसेक मोहरी. पहिल्या प्रयत्नात मास्टरने सुमारे १६ जागच्या जागी ठेवली, मध्यम खेळाडूने ८, नवशिक्याने ४. मग तीच मोहरी कशीही विखरून ठेवली, तेव्हा मास्टरची सगळी करामत संपली. तोही तीन-चार मोहऱ्यांवर आला! (तिघांवरून केवढा निष्कर्ष, असं कोणी म्हणेल, पण पुढे मोठ्या प्रयोगांतही चित्र बरंचसं हेच राहिलं. विखुरलेल्या पटावर मास्टरला थोडीशी आघाडी मिळते, एवढी दुरुस्ती मात्र झाली.)

म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती जगावेगळी नसते. तो सुटी मोहरी पाहत नाही, गट पाहतो. कॅसलिंग केलेला (म्हणजे एकाच चालीत हत्तीला ओलांडवून सुरक्षित बाजूला नेलेला) राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी, शेजारचा हत्ती आणि घोडा, हे सगळं मिळून त्याच्या लेखी एकच वस्तू. आणि प्रत्येक गटाला एक योजना चिकटलेली असते. वजिराच्या पट्टीवर (म्हणजे त्याच्या उभ्या ओळीत) एकटं पडलेलं, शेजारच्या पट्ट्यांवर सोबती नसलेलं प्यादं दिसलं की ज्याचं ते आहे त्याला मोहऱ्यांची अदलाबदल न करता हल्ला करायचा असतो; समोरच्याला त्या प्याद्यापुढच्या घरात घोडा बसवायचा असतो आणि मोहरी मारून पट रिकामा करायचा असतो. डावपेच म्हणतो ते मुख्यतः हेच.

असे गट डोक्यात साठवायचे तर मास्टरांचे डाव भराभर उलटून भागत नाही. डाव वळण घेतो तिथे थांबायचं, पुढची चाल झाकायची, आपली चाल कारणासकट लिहायची आणि मगच झाकण काढायचं. लिहिण्याचा कंटाळा येतो, पण न लिहिता ‘मलाही हेच सुचलं होतं’ म्हणणं फार सोपं असतं.

थांबण्याजोगी एक जागा १९२४च्या न्यूयॉर्क स्पर्धेत आहे, कापाब्लांका (पांढरी मोहरी) विरुद्ध टार्टाकोव्हर (काळी). हत्ती आणि प्यादी उरलेली. काळ्याचा हत्ती पांढऱ्याच्या प्याद्यांच्या पाठीमागे लागलेला. पांढऱ्याचा हत्ती सातव्या ओळीत, काळा राजा शेवटच्या ओळीत अडकलेला. बहुतेक जण इथे प्यादं वाचवतील. कापाब्लांकाने ते वाचवलंच नाही. त्याने राजा पुढे काढला, दोन प्यादी मारू दिली, तीही शह खात. पुढे राजाच्या शेजारी काळ्याचं एक प्यादं आयतं मिळत होतं. तेही मारलं नाही, कारण त्या प्याद्याच्या आडोशाने राजाला शहांपासून संरक्षण मिळत होतं. ‘राजा किती कामाचा आहे ते आधी पाहा, प्यादी नंतर मोजा’ हे वाक्य शंभरदा वाचून जे उमजत नाही, ते या स्थितीवर चुकीची चाल लिहून बसलेल्याला कायमचं उमजतं.

मात्र साठवलेले गट कधी कधी दगाही देतात. मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक स्थिती दिली. तिच्यात घोड्याने कोंडून करायची प्रसिद्ध मात होती आणि तिच्याहून कमी चालींची दुसरी मातही. चांगल्या खेळाडूंना पहिली लगेच दिसली. आणखी छोटी शोधा म्हटल्यावर त्यांनी ‘शोधतोय’ असं सांगितलं, पण नजरेचा माग घेणारं यंत्र वेगळंच दाखवत होतं. ती ओळखीची मात ज्या घरांवर होते, त्यांचे डोळे पुन्हा पुन्हा तिथेच जात होते.