हापूसच्या जीआयसाठी अर्ज करताय? आधी सातबारा काढा

वाशीच्या मार्केटात कर्नाटकी आंबाही ‘हापूस’ म्हणून पेटीत बसतो, ही आपल्या बागायतदारांची जुनी तक्रार. 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर यांच्याबरोबर ठाणे जिल्हाही आहे, म्हणजे मुरबाड-शहापूरचा बागवालाही पात्र. पण मानांकन हापूसचं, तुमचं नव्हे. ते पेटीवर लावायचं तर चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. सोसायटीच्या सभासदत्वाची पावती घेऊन निर्धास्त बसलेले दरवर्षी भेटतात. ती पावती इथे चालत नाही.

अर्ज जीआय-3 नमुन्यात. सोबत ओळखपत्र, आपण उत्पादक कसे याचं निवेदन, प्रतिज्ञापत्र. एक प्रत मूळ नोंदणीधारक संस्थेला, म्हणजे जिच्या नावावर मानांकन आहे तिला द्या, पोच जपा. 2020 च्या नियमदुरुस्तीनंतर शुल्क 10 रुपये आहे; त्यासाठी हजारो मागणाऱ्या एजंटाला नमस्कार करा.

घोडं अडतं ते उत्पादक असल्याच्या पुराव्यावर. सातबारा आजोबांच्या नावावर, वारस नोंद राहिलेली, आणि पीक पाहणीत चक्क ‘गवत’! चाळीस कलमं डोळ्यांसमोर उभी असली तरी कागदावर ती नसतात. तेव्हा आधी फेरफार करून घ्या, ई-पीक पाहणीत आंबा स्वतः नोंदवा, मगच अर्ज. सामाईक खातं असेल तर भावंडांचं संमतीपत्र लेखी घ्या. ‘आमच्यात वाद नाही’ हे टेबलापलीकडच्या माणसाला कसं कळणार? बाग कराराने घेणाऱ्यांचं नाव सातबाऱ्यावर नसतंच, त्यांनी तोंडी व्यवहार सोडून स्टॅम्पपेपरवर करार करावा. पालघरच्या जुन्या कागदांवर ‘जिल्हा ठाणे’ असतं (जिल्हा 2014 मध्ये वेगळा झाला), तर आधारवर पालघर. निवेदनात दोन ओळींत खुलासा लिहून टाका.

नोंदणी दहा वर्षांची, पण मूळ मानांकनाची मुदत आधी संपली तर तिथपर्यंतच. ती मेव्हण्याला वापरायला देता येत नाही. धारकाच्या पश्चात मात्र वारसाकडे जाते.

मुदतीचा घोळ फार होतो. अर्ज नोंदणी कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापून आला की हरकतीसाठी तीन महिने असतात, वर फार तर एक महिना. हा वेळ हरकत घेणाऱ्याचा. तुमच्यावर हरकत आली तर तिची प्रत हातात पडल्यापासून दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. म्हणून अर्जावर असा पत्ता द्या जिथे आंब्याच्या हंगामातही टपाल उघडणारं कुणीतरी घरी असेल.